महालातून निघायचं आहे, पण कुठं?

“मॅडम, एअरपोर्ट इथून दहा मिनिटं.”

बेसा रोडवरच्या एका अर्ध्या बांधलेल्या स्कीमच्या तिसऱ्या मजल्यावर उभं राहून एजंट सांगत होता. मिहानचा औद्योगिक पट्टा दहा मिनिटं, एम्स दहा मिनिटं, वर्धा रोड तर पाचच. मी विचारलं, “आणि सांबार कुठं मिळते?” तो गोंधळला. मी हॉटेल शोधते आहे असं वाटलं असेल त्याला. पोट्टा इकडचा नव्हता, नाहीतर सांबार म्हणजे कोथिंबीर हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. “भाजीबाजार हो,” मी म्हटलं. जिथं अजून खिडकी बसायची होती त्या चौकोनातून त्यानं लांबवर हात केला. “ते काय मॅडम, ॲपवर सगळं येते. दहा मिनिटांत.”

माझ्या सासूबाईंनी ॲपवरून आजवर काही मागवलेलं नाही. त्या ७४ वर्षांच्या आहेत. जुडीची काडी नखानं मोडून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाहीत. आणि त्या घरात दिवसाचे सगळे तास त्याच राहणार आहेत.

महालात, म्हणजे जुन्या नागपुरात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चार भावांचे चार हिस्से, पुढची पिढी धरून अकरा सह्या. अकरावी सही गेल्या दसऱ्याला झाली आणि घर बिल्डरकडे गेलं. आमच्या वाट्याच्या पैशात थोडं कर्ज घातलं की पन्नास-बावन्न लाखांपर्यंत हात पोचतो. येत्या दिवाळीपर्यंत घर खाली करून द्यायचं आहे. सह्या होणार हे दिसायला लागल्यापासून, म्हणजे दीड वर्ष झालं, आमचा रविवार घरं पाहण्यात जाऊन राहिला.

नवरा मिहानमधल्या एका गोदामात हिशेब पाहतो, त्याला दक्षिणेला जायचं आहे. पोरगा नववीत. शाळा पश्चिमेला, म्हणून मित्र, ट्यूशन, टर्फ, सगळं त्रिमूर्तीनगरकडं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं तर त्या म्हणतात, “मले काऊन विचारता? मले कुठंच नाही जायचं.”

माझी अडचण निराळी आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा दवाखाना नाही, मी पेशंटच्या घरी जाते. सोळा वर्षं झाली, ॲक्टिव्हावर मानकापूरपासून मानेवाड्यापर्यंत आणि वाडीपासून वाठोड्यापर्यंत. बदललेले गुडघे, मोडलेले खुबे, लकवा. त्यामुळं नागपूरचे बहुतेक भाग मला मागच्या खोलीतून माहीत आहेत, आणि तेही सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेतले. घर ज्यांनी घेतलं ते तेव्हा ऑफिसात असतात. घरात सापडतं ते माणूस, ज्याला घर घेताना कोणी काही विचारलेलं नव्हतं. एजंट सांगतो ती दहा मिनिटं नेहमी बाहेर जाणाऱ्याची असतात. बाहेर न जाणाऱ्याचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून मी मांडायला बसले.

आमच्या धंद्यात एक साधी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांच्या वर वेळ लागला की त्या माणसाच्या पडण्याची काळजी करायची. आईंना पंधरा लागतात. सपाट रस्त्यावर त्या दोनशे पावलं नीट चालतात, मग त्यांना कुठंतरी टेकायला लागतं. मी हेच माप धरलं. प्रत्येक घराच्या दारातून आईंच्या चालीनं दोनशे पावलं चालून पाहायची. तेवढ्यात काय लागतं, आणि दोनशेव्या पावलाला बसायला काय आहे. नवऱ्यानं पहिल्यांदा थट्टा केली. आता तोही पुटपुटत मोजतो.

महालात दोनशे पावलांत दोन औषधांची दुकानं, पिठाची चक्की, विठ्ठलाचं देऊळ, डॉक्टर, फल्लीदाणे भाजणारा आणि भाजीच्या तीन हातगाड्या येतात. बसायला ओटेच ओटे. अकराच्या सुमारास आई आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसतात आणि गल्लीचा अख्खा कारभार तिथून चालतो. कोणाची पोट्टी कोणत्या परीक्षेत पास झाली, कोणाच्या घरी पाहुणे येऊन राहिले, कोणाचा जावई रागावून गेला. खालच्या खोलीची मातीची भिंत हातभर रुंद. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९वर गेला होता, त्या दिवशीही आमच्या खालच्या खोलीत कूलर दुपारी दोननंतरच लावला, हे आई अजून ऐकवतात.

हे सगळं खरं आहे. आता दुसरं खरं सांगते. झोपायची खोली वर, संडास खाली, आणि मधे अकरा लाकडी पायऱ्या, धरायला दोर. गेल्या जुलैत आई तिसऱ्या पायरीवरून घसरल्या. मी तेव्हा झिंगाबाई टाकळीला एका पेशंटचा गुडघा वाकवत होते. आईंचा फोन यायच्या आधी मला गल्लीतून तीन फोन आले. ॲम्ब्युलन्स दहा-बारा मिनिटांत आलीही, पण गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत उभ्या दुचाकी, एक बांधकामाची रेती, आणि मुळात गल्लीच साडेसहा फुटांची. मग चक्कीवाल्यानं आपली लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. आईंना तिच्यात बसवलं, शेजारच्या दोन पोट्ट्यांनी मागून धरलं, त्यानं पुढून, आणि पूर्ण गल्ली पार करून वरातीसारखं त्यांना चौकापर्यंत नेलं. मी पोचले तेव्हा आई ॲम्ब्युलन्समध्ये आडव्या होत्या आणि चक्कीवाल्याला सांगत होत्या, “गहू बारीक दळजो रे, मागच्या वेळेस भरड आले होते.”

खुबा वाचला, मनगट मोडलं. तेव्हापासून मला ती खुर्ची दोन्ही बाजूंनी दिसते. असे तीन खांदे दुसऱ्या भागात मिळणार नाहीत. आणि या खांद्यांची गरज पडावी असं घर आता आम्हाला परवडणार नाही. आईंना महाल सोडवत नाही यात मारबतीचाही वाटा आहे, ते वेगळंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईचे पुतळे, निघते, बडगे हे पुरुषांचे पुतळे निघतात, पूर्व नागपुरातले रस्ते माणसांनी तुंबतात. आई दरवर्षी नणंदेच्या गच्चीवरून “घेऊन जा गे मारबत” ओरडतात. बेशाहून त्या दिवशी त्यांना कोण घेऊन येणार, हा प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला आहे.

पश्चिमेचं म्हणाल तर धरमपेठ, गोकुळपेठ, रामदासपेठ आमच्या हाताबाहेर. तिथली दोन खोल्यांची किंमत ऐकून नवरा खाली आल्यावर आधी पाणी प्यायला. पण माझे सगळ्यात जुने पेशंट तिकडचेच आहेत, त्यामुळं एक गोष्ट सांगते.

अंबाझरी ले-आऊटमध्ये ८१ वर्षांचे एक आजोबा आहेत. बंगला छोटा पण सुरेख. मागं आंबा, बुलबुल, सकाळी सात वाजता इतकी शांतता की सांध्यांची कटकट ऐकू येते. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर एक मातकट रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२३च्या मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आऊट, सगळं झोपेत पाण्याखाली. आजोबांना सकाळी बोटीतून काढलं. नंतर घराला रंग दिला तेव्हा त्यांनी पेंटरला ती रेघ तेवढी सोडायला लावली. कोणीही आलं की दाखवतात. पलंग आता चार-चार विटांवर आहे, म्हणून मी त्यांना उतरायला पायरी करून दिली आहे. मुलगी पुण्यात, मुलगा अमेरिकेत. मी निघाले की फाटकापर्यंत येतात, आणि माझी गाडी वळेपर्यंत फाटक लावत नाहीत.

आईंना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, “तिकडं तिले नदी म्हणतात. आपल्याकडे येतलोक नाला होऊन जाते.” खरंच आहे. अंबाझरीकडून निघालेली तीच नाग शहराच्या पोटातून जुन्या नागपुराजवळून जाते, तिच्या वासानं आम्ही पावसाळा ओळखतो. पश्चिमेला एक रात्र ती घरात आली आणि तिला बोट लागली. आमच्याकडे रुमाल रोजच लागतो.

पोराच्या त्रिमूर्तीनगरात, स्वावलंबीनगरात, गोपालनगरात आम्ही सात फ्लॅट पाहिले. भाग चांगला आहे, यात वाद नाही. रस्ते रुंद, नळाला पाणी, खामल्याचा बाजार जवळ, कोपऱ्याकोपऱ्यावर ट्यूशन. पण तिथल्या आमच्या ऐपतीतल्या इमारती पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या, तीन मजली, लिफ्ट नसलेल्या. तळाला पार्किंग, म्हणजे पहिल्या मजल्यालाच अठरा-वीस पायऱ्या. सातपैकी सहा फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर निघाले. सातवा पहिल्यावर होता. मी माझ्या मनाशी म्हटलं, अकरा पायऱ्या सोडून अठरांकडे यायचं असेल तर महाल काय वाईट होता.

आता बेसा. नवऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं म्हणणं चुकीचं नाही. आज तो महालातून गाडीनं बर्डीला जातो, गाडी ठेवतो, मेट्रोनं खापरी, पुढं शेअर ऑटो. सव्वा तास. बेशाहून वीस-पंचवीस मिनिटांत जाईल. फ्लॅट मोठे, लिफ्ट, बाथरूममध्ये घसरणार नाही अशी फरशी, व्हीलचेअर जाईल असं दार. फिजिओ म्हणून माझा जीव त्या दारावर जडला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या महालातल्या न्हाणीत तर मी आडवी होऊन शिरते.

पण मी बेलतरोडीला आणि मनीषनगरच्या पुढं आठ वर्षं पेशंट पाहिले आहेत. मे महिना म्हणजे काय ते आत बसून पाहिलं आहे. आमचा मोठा कूलर मे महिन्यात दिवसाला पाच-सहा बादल्या पाणी पितो. कूलरच्या ताट्या वाळल्या की तो नुसता गरम वाऱ्याचा भोंगा. आता अशी स्कीम घ्या की जिथं बोअर एप्रिलात आटते आणि पाणी टँकरनं येतं. माझ्या एका पेशंट काकूंच्या सोसायटीत गेल्या उन्हाळ्यात नोटीस लागली होती, “कूलरमध्ये टँकरचे पाणी भरू नये.” काकूंना लकवा, उजवी बाजू गेलेली, पश्चिमेची खोली, चौथा मजला, वर थेट गच्ची. मी त्यांना व्यायाम देत होते आणि माझ्या घामाचे थेंब त्यांच्या चादरीवर पडत होते. एसी होता, पण मुलानं रिमोट स्वतःच्या खोलीत ठेवला होता. त्यावर मी काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

दुसरं म्हणजे हा भाग महानगरपालिकेत नाही. बेसा-पिपळ्याची आपली नगरपंचायत आहे. एजंट याचा अर्थ “टॅक्स कमी” असा सांगतो. रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची गाडी, नाली हे सगळं त्याच कमी टॅक्समधून यायचं असतं, हे तो सांगत नाही. मेट्रोही तिकडं नाही. नारंगी लाईन वर्धा रोडनं जाते, बेसा-मनीषनगर रेल्वे रुळांच्या पलीकडे. पूर्वी मनीषनगरचं फाटक पडलं की माणूस अर्धा तास गेला, आता पूल आणि खालून रस्ता झाला, फार बरं झालं. पण जुलैत एकदा त्या खालच्या रस्त्यात पाणी होतं आणि मी उज्ज्वलनगरचं मेट्रो स्टेशन डोळ्यांसमोर दिसत असताना गाडी ढकलत मागं फिरले.

आणि दोनशे पावलं. बेशाच्या त्या स्कीमच्या फाटकातून आई निघाल्या. सिमेंटचा नवा रस्ता, छान. दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, त्यात गाजरगवत. शंभराव्या पावलाला गिट्टीचा ढीग. दोनशेव्याला एक प्रॉपर्टीवाल्याचं बंद ऑफिस, पायरीवर कुत्रं झोपलेलं. अकरा वाजले होते. तेवढ्या वेळात रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर आणि दोन डिलिव्हरीवाले गेले. आई कुत्र्याकडे पाहून म्हणाल्या, “यालेच विचारा बसू का म्हणून.” परत आलो तर फाटकावरच्या चौकीदारानं रजिस्टर पुढं केलं. नाव, कोणाकडे, वेळ, वाहन. वाहनाच्या रकान्यात त्यानं आईंसमोर लिहिलं, पायी.

कागदांचं मी लांबवणार नाही, पण सांगितलं नाही तर पाप लागेल. नागपुरात प्लॉट घेणाऱ्याला ‘आर.एल.’ हा शब्द आईचं दूध पिताना समजायला पाहिजे. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले हजारो प्लॉट या शहरात आहेत. नागपूर सुधार प्रन्यास १९३६च्या कायद्यानं आलेलं, पण वस्ती त्याच्या पुढं पळाली. मग २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली अशा ले-आऊटना नियमित करायचं ठरलं. ५७२ आणि १९०० ले-आऊट हे आकडे नागपूरकर मटक्याच्या आकड्यांसारखे तोंडपाठ बोलतात, त्यांचा उगम तो. विकासशुल्क भरलं, नियमितीकरणाचं पत्र मिळालं की ते आर.एल. ते नसलं तर नकाशा मंजूर होत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि “मॅडम, प्रोसेसमध्ये आहे” हे वाक्य ऐकत माणसाचे केस पिकतात.

आमचे पिकले. २०१९ साली हुडकेश्वरच्या पुढं पंधराशे फुटांचा प्लॉट पाहिला होता. गुढीपाडव्याची ऑफर, दाराशी सनई, पेढा, आणि आम्ही ५१ हजारांचं टोकन देऊन मोकळे. खसरा नंबर, मौजा, सगळं पावतीवर होतं. आर.एल. प्रोसेसमध्ये. आठ महिन्यांनी एका ओळखीच्या वकिलाला सात-बारा दाखवला, तेव्हा कळलं की ती जमीन अजून शेतीचीच आहे आणि सात-बारावर चौघांची नावं आहेत, विकणारा त्यातला एकच. पैसे परत मागायला मी सतरा चकरा मारल्या. चाळीस हजार मिळाले. उरलेले अकरा हजार म्हणजे पेढ्याचे, असं नवरा म्हणतो. त्याला आता हसू येतं, मला अजून येत नाही.

पूर्वेकडं आमचे अर्धे नातेवाईक आहेत, नंदनवन, खरबी, वाठोडा. महालच्या माणसाला तो भाग माहेरासारखा. घरं स्वस्त, माणसं आपली, प्रजापतीनगरपर्यंत मेट्रो २०२२च्या डिसेंबरपासून आली. एकच गोष्ट आडवी येते, भांडेवाडी. शहराचा कचरा तिथं जातो आणि उन्हाळ्यात त्याला आग लागली की धूर वाऱ्याच्या मर्जीनं फिरतो. वाठोड्याला माझे एक दम्याचे पेशंट आहेत, एप्रिलपासून जूनपर्यंत त्यांच्या खिडक्या बंद. दार उघडून मला आत घेतात आणि पटकन लावतात, जसं काही मी मांजर आहे. आईंच्या छातीचा जुना त्रास पाहता तो विषय मी घरात काढलाच नाही.

उत्तरेचं थोडक्यात. जरीपटका, इंदोरा भागात मला आवडतं, खायला-प्यायला उत्तम, मेट्रोही आहे, पण नवरा, पोरगा, आई, तिघांपैकी एकाचंही काही तिकडं नाही. कोराडी रोडला स्वस्तात मोठं घर मिळत होतं. तिथल्या एका पेशंटकडे झुल्यावर बसायच्या आधी फडकं मारावं लागतं. कोराडीची राख आहे म्हणतात त्या, वारा तिकडून असला की रोजचं. वीज अख्ख्या महाराष्ट्राला, फडकं आम्हाला, हे त्यांचं वाक्य.

मग दक्षिण-पूर्वेचं हनुमाननगर आमच्या यादीत कुठून आलं? आलं नव्हतंच. मेडिकल चौकाच्या जवळ एक पेशंट आहेत, त्यांच्याच इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट आठ महिन्यांपासून पडून होता. पडून का, तर दार दक्षिणमुखी. दोन गिऱ्हाईकं टोकनपर्यंत येऊन वास्तुवाल्याला विचारून परत गेली. मालकानं भाव चार लाखांनी उतरवला होता. मी आईंना भीतभीतच सांगितलं. त्या विचार करून म्हणाल्या, “यम काय दार पाहून येते? तो तर खिडकीतूनही येते.”

इमारत १९८८ची आहे. एका भिंतीला ओल. स्वयंपाकघर इतकं लहान की दोघींनी एकदम पोळ्या लाटायच्या म्हटल्या तर एकीला हॉलमध्ये बसावं लागेल. गाडी ठेवायला एकच जागा. मेट्रो नाही. दक्षिण-पूर्व नागपूरला मेट्रोनं काय पाप केलं आहे कोण जाणे, सक्करदरा, मानेवाडा, सगळं कोरडं. नवऱ्याला अजनीचा जुना ब्रिटिशकालीन पूल ओलांडून वर्धा रोडला जावं लागेल, आणि सकाळी साडेनऊला त्या पुलावर काय होतं ते नागपुरातल्या कोणालाही विचारा. त्यानं दोनदा जाऊन घड्याळ लावून पाहिलं. पन्नास मिनिटं. आजच्यापेक्षा पंचवीस कमी, बेशापेक्षा पंचवीस जास्त. बरोबर मधे.

पण दारात दोनच पायऱ्या आहेत. न्हाणीघराचं दार मी मोजलं, एकतीस इंच. नळ महानगरपालिकेचा. मेडिकल कॉलेजचं इस्पितळ हाकेच्या अंतरावर. तरीही मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता परत गेले, मालकाला न सांगता. समोर कडुनिंब आहे, त्याची सावली दोनच्या सुमारास बरोबर त्या ओल्या भिंतीवर येते. म्हणून ती भिंत वाळत नाही. आणि म्हणून ती खोली तापतही नाही. जुलैत मोठा पाऊस झाला त्या रात्री नवऱ्याला पाठवलं. तो भिजून आला, म्हणाला, नाली भरून वाहते आहे, पण पहिल्या पायरीच्या खाली.

आईंना मागच्या बुधवारी नेलं. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार भरतो तो दिवस मी मुद्दामच धरला. आम्ही आत ओल पाहत होतो, मालक प्लास्टरचं सांगत होता, पोरगा मोबाईलला रेंज किती येते ते कोपऱ्याकोपऱ्यात उभं राहून पाहत होता. वीस मिनिटांनी बाहेर आलो तर आई कंपाउंडच्या कट्ट्यावर. शेजारी दोन बाया, एकीच्या मांडीवर बाजाराची पिशवी. त्यांतल्या एकीनं येता येता आईंना विचारलं होतं, “कोणाकडे आल्या वो?” चौकीदारानं विचारला होता तोच प्रश्न. फक्त इथं रजिस्टर नव्हतं, त्यामुळं तो लांबत लांबत ती बाई जुन्या शुक्रवारीतली आणि आमच्या चुलतसासूच्या मावसबहिणीची भाची आहे इथवर पोचला होता.

परत येताना रिक्षात आई गप्प होत्या. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाल्या, “सांबार महाग आहे इथं.” बडकस चौक आला तेव्हा परत म्हणाल्या, “अन् कट्टा जरा उंच आहे. एक वीट पायाखाली पाहिजे.”

पोरगा अजून रुसलेला आहे, त्याला सायकल कबूल केली आहे. कागद वकिलाकडे गेले, या वेळी आधी. रविवारी टोकन द्यायला जायचं ठरलं आहे. नवऱ्यानं बेशाच्या एजंटचा नंबर मात्र अजून काढलेला नाही. काल रात्रीच त्याचा मेसेज आला होता, “सर, लास्ट दोनच फ्लॅट उरले.” दीड वर्षापासून दोनच उरले आहेत.